हद्दीच्या वाईच आत

या जगात शुद्ध असं काहीही नसतं, हे रीतसर सिद्ध करून दाखवणारी आणि तेवढ्यानं समाधान न झाल्यामुळे त्याच मुद्द्यावर विद्यापीठाच्या कचेरीशी चार महिने भांडणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि ती माझी सख्खी मावशी आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यात मिसळ मुद्दाम गार करून खाणारी एकमेव बाईसुद्धा तीच. लोक तिला वेडी म्हणतात. म्हणोत. मी तिच्या बाजूचा आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवायला नको.

कशेळ्याला माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वरच्या वाड्यांवरची माणसं जीपने बाजाराला उतरतात तेव्हा दुकानात गर्दी असते, आणि नेमकी त्याच दिवशी मावशी पोशीरहून येते. उंचीने बेताची, अंगाने सडसडीत, साडीखाली पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत शंभरपानी वही. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एकदा एका पाहुणीने विचारलं तेव्हा "इसरले" असं उत्तर देऊन ती पुढच्या गणिताला लागली. माझे वडील गेल्यापासून ती आणि माझी आई, दोघी बहिणी पोशीरच्या घरात एकत्र राहत होत्या. दुकानात आली की गल्ल्यामागच्या उपड्या डब्यावर बसायचं आणि मी रंगाचा डबा उघडला की त्यात आधी आपलं नाक घालायचं, हा तिचा जुना रिवाज आहे. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण मावशीचं बघून झाल्याशिवाय डब्यात काठी घालायची नाही. माझ्या उमेदीच्या काळात मी एकदा भाबडेपणाने म्हणालो, की मावशे, रंग खाली बसलाय, ढवळून देतो. त्यावर तिने मला गिऱ्हाइकांसमोर उभं करून ऐकवलं, "बसनं येगळं आन फुटनं येगळं रं. बसतं ते वजनानं. फुटतं ते दोगांचं पटत नाय म्हनून. तू रंग इकतो आन तुला यवढं ठावं नाय?" त्या दिवसापासून मला ठावं आहे. गिऱ्हाइकांनाही आहे. आमच्या दुकानात ठाकरवाडीवरचा माणूससुद्धा डबा घेताना "बसलाय का फुटलाय?" असं विचारतो, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या मोठ्या दुकानात हा प्रश्न कुणाला कळत नाही म्हणून परत माझ्याकडे येतो.

मिसळीचं असं, की नाक्यावरच्या हॉटेलात मिसळ पुढे आली की इतर माणसं पाव मोडतात. मावशी घड्याळ बघते. मग चमच्याने तर्री एकदाच दणकून ढवळायची, चमचा बाजूला ठेवायचा आणि वाटीवर ओणवं होऊन बसायचं. रश्श्यावर तेलाचे बारीक बारीक थेंब विखुरतात. हळूहळू ते सरकतात, दोनाचा एक होतो, मोठा थेंब शेजारच्या चिमुकल्यांना संपवत पसरत जातो, आणि मावशी वहीत मिनिटं मांडत राहते. एकदा हॉटेलवाल्याला तिची दया आली आणि त्याने प्रेमाने गरम रस्सा वरून ओतला. अठरा मिनिटांचं निरीक्षण बुडालं. मावशी दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही, आणि तो बिचारा मला येऊन विचारत होता की माझ्या रश्श्यात काय कमी पडलं. "एकून तेल तेवडंच ऱ्हातं रं," ती मला सांगायची, "वाडत नाय, घटत नाय. फकस्त कुनाकडं गेलं तेवडं बगायचं." हे सांगताना ती कळंबच्या दिशेने बघायची, जिथे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे एकेका रिसॉर्टच्या कुंपणात जाऊन बसलेत. त्यातून तिला काही सुचवायचं असेल तर ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. गणितात उपमा चालत नाहीत असं तिचं मत आहे.

माझ्या लग्नात कढी फुटली. मुलीकडची मंडळी शरमेने अर्धी झाली, आचारी मागच्या दाराने निघून गेला, आणि मावशी मात्र पातेल्याशी उभी राहून वऱ्हाडाला हाका मारत होती की या, बघून घ्या, असं रोज बघायला मिळत नाही. तिने माझ्या सासऱ्यांचा हात धरून त्यांना पातेल्यात वाकायला लावलं आणि समजावलं, की मी ज्या समीकरणामागं लागलेय ते काही हे नाय, पन त्याच्या भावकीतलं हाय. सासरे त्यानंतर वर्षभर माझ्याशी जपून बोलत. माझी बायको अजूनही कढी करताना आधी मावशी येणार आहे का ते विचारते.

शुद्ध या शब्दाशी तिचं वैर मात्र जुनं आहे आणि त्यात गंमत कमी आहे. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावात पाणवठे दोन होते. ते दोन का होते हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला, घरातले देव गेले, पुढे दुसरा पाणवठाही गेला, पण तो शब्द काही गेला नाही. तो तुपाच्या डब्यावर, हॉटेलच्या पाटीवर, लग्नाच्या जाहिरातीत कुठे ना कुठे भेटतोच. "शुद्ध म्हनलं की समजायचं, कुनाला तरी भायेर काडलेला हाय," असं ती म्हणते. एकदा कळंबचा एक बंगलेवाला माझ्याकडे एकदम शुद्ध पांढरा रंग मागायला आला. मी डबा काढतच होतो, तोवर मागून आवाज आला की तसा नसतो. बंगलेवाला हसला. मावशी हसली नाही. पांढरा पांढरा दिसावा म्हणून त्यात निळ्याचा थेंब घालतात, हे तिने त्याला साधार सांगितलं; त्याने ऐकून घेतलं आणि कर्जतला जाऊन दुसरीकडून रंग नेला. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाली, खोटं इकायचं असंल तर तशी पाटी लाव. मी पाटी लावली नाही, पण तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

हे सगळं सुरू झालं खालापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात. मावशी बीएस्सी झाली आणि तिथे तपासणी विभागात लागली. तयार झालेला रंग काचेच्या नळीत भरून ठेवायचा, तो फुटतो का बघायचं, आणि नाही फुटला तर चिठ्ठीवर सही करायची, हे तिचं काम. सोळा वर्षं केलं. एका पावसाळ्यात रंगाचा एक अख्खा घाणा फुटला. वरच्या साहेबाने सांगितलं की यंत्राने पुन्हा ढवळा, एकजीव दिसतोय तोवर डबे भरा आणि सही करून टाका. मावशीने सही केली नाही. साहेबाने पुन्हा सांगितलं. मावशी म्हणाली, ढवळलं म्हंजे मिसळलं नाय. तिसऱ्यांदा साहेब स्वतः आला नाही. त्याने तिची बदली गोदामात केली, आणि मावशीने त्याच दिवशी बूट बदलून घरचा रस्ता धरला. ते डबे पुढे कुठल्या भिंतींवर गेले कोण जाणे. पण घरी येऊन तिने माझ्या आईला विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. कुणी ढवळत नसताना, कुणी सांगत नसताना, मिसळलेली दोन द्रव्यं आपसूक वेगळी का होतात? आई तांदूळ निवडत होती. तिने हातातला खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "मला काय ठावं. तू शिकलेली, तू शोध."

आईने हे इतक्या सहज सांगितलं, की त्यामागचं ओझं मला फार उशिरा कळलं. आई मावशीहून दहा वर्षांनी थोरली. मावशी जन्मली आणि आजी भाताच्या आवणीला जाऊ लागली, तेव्हा बाळाला सांभाळायला म्हणून आईची शाळा चौथीत सुटली. पाटी तीच राहिली, फक्त पुढे ती मावशीच्या हातात गेली. याबद्दल आईने कधी तोंडातून शब्द काढला नाही आणि मावशी कधी विसरली नाही.

मग मावशीने शोधायला सुरुवात केली. बाहेरून एमएस्सी केलं, तेही रसायनात न करता गणितात, कारण रसायनवाले नळीत बघून सांगतात आणि तिला न बघता सांगायचं होतं. कॉलेजात तासांवर शिकवलं, विहारात रविवारी पोरांना बीजगणित शिकवलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पीएचडीला नाव घातलं. तिचे मार्गदर्शक तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर म्हणे, आणि दर दिवाळीला त्यांच्या घरी पोशीरचा नवा तांदूळ पोचवी. सरांनी तांदूळ नको म्हणून एकदा सांगून पाहिलं, पण मग तिने गणितही नेणं थांबवलं, तेव्हा ते गुमान तांदूळ घेऊ लागले.

तिचं समीकरण मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. डब्यात दोन द्रव्यं आहेत. डब्यातल्या प्रत्येक ठिकाणी एक आकडा आहे: तिथे पहिलं द्रव्य मुळीच नसेल तर शून्य, तेच तेवढं असेल तर एक, आणि मिसळ असेल तर मधलं काहीतरी. वेळ जाईल तसे हे आकडे कसे बदलतील ते समीकरण सांगतं. आता सामान्य माणूस म्हणेल, मग सोडवा आणि मोकळे व्हा. पण ही समीकरणं सुटत नाहीत, असं मावशीने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं की न सुटणारी गोष्ट दहा वर्षं धरून काय बसलीस. तिने वही उघडली आणि माझ्या आईलाही जवळ बोलावलं. आई तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन आली. मावशी म्हणाली, "सोडवायचं नंतर. आदी हाय का नाय ते ठरवायचं. उकल हाय का? हाय. दोन-दोन तर नाय ना? नाय, येकच हाय. शून्याच्या खाली आन येकाच्या वर तर पळत नाय ना? नाय, हद्दीत ऱ्हाती."

ज्या मोठमोठ्या गोष्टींना गणितज्ञ अस्तित्व आणि एकमेवता म्हणतात त्या आमच्या स्वयंपाकघरात हाय आणि नाय एवढ्यावर आल्या. आईने मान हलवली. तिला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय याचं तिला फार नवल वाटलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की मी वहीत बघत असल्याचं सोंग केलं.

चौथी गोष्ट मावशीची स्वतःची होती. द्रव्यं वेगळी होतात, होत राहतात, तेल तेलाकडे आणि पाणी पाण्याकडे जातं. मग शेवटी कुठेतरी निव्वळ तेल आणि कुठेतरी निव्वळ पाणी असं होतं का? तिचं म्हणणं होतं की होत नाही. आकडा एकाच्या जवळ जाईल, शून्याच्या जवळ जाईल, पण हद्दीला टेकायचा नाही. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचं काहीतरी शिल्लक राहणारच. हे काहीतरी किती, त्याला पुस्तकात एक ग्रीक अक्षर वापरतात. मावशीच्या वहीत तिथे "वाईच" असं लिहिलेलं असे. हद्दीच्या वाईच आत. सपाट कागदावरच्या मिश्रणासाठी हे तिला तिसऱ्याच वर्षी जमलं. सर म्हणाले, पुरे आहे, प्रबंध देऊन टाका. ती म्हणाली, डबा सपाट नसतो. त्यानंतरची सहा वर्षं डब्यात गेली. त्यातली दोन तर तिने स्वतःच फेकून दिली, कारण मधली एक पायरी सपाट कागदावर चालणारी आणि डब्यात न चालणारी निघाली. चूक दुसऱ्या कुणाला सापडली नव्हती. सरांनाही नाही. हिने तांदूळ द्यायला जाऊन ती सरांना दाखवली.

अखेर प्रबंध झाला. एकशे बारा पानं, इंग्रजीत. त्याला मराठीत दोन पानी सारांश जोडायचा नियम होता, आणि मावशीने तो सारांश तिच्या बोलीत लिहिला. सुरुवातच अशी: "दोन वस्तू मिसळल्या हायेत. त्या आपसूक येगळ्या व्हत्यात." शेवट असा: "उकल हद्दीच्या वाईच आत ऱ्हाती." विद्यापीठातून तो आठ दिवसांत परत आला. त्यावर तांबड्या पेनाने इतकी वर्तुळं होती की दुरून आंब्याच्या मोहोराला कीड पडल्यासारखं दिसत होतं. वाईच खोडून किंचित केलेलं होतं. खाली शेरा: भाषा अशुद्ध, दुरुस्त करून सादर करावे.

मी तिच्याबरोबर गेलो होतो म्हणून सांगतो, कचेरीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. गणिताविषयी आमचं काही म्हणणं नाही, भाषा तेवढी शुद्ध करून आणा, असं त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

"शुद्ध व्हत नाय," मावशी म्हणाली.

बाईंना वाटलं की तिला जमत नाही. त्यांनी आपणहून मदत करायची तयारी दाखवली.

"तसं नाय. पान सत्त्याऐंशी बगा. तितं सिद्ध केलंय."

बाईंनी खरंच पान सत्त्याऐंशी उघडलं, त्यावरची अक्षरं बघितली आणि हळूच मिटलं. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो. पण हसण्यासारखं तेवढंच होतं. मावशीची नावनोंदणी त्या वर्षी संपत होती. मुदत आधी दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. सारांश मान्य झाला नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर दहा वर्षं पाण्यात. ती वर्तुळं दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता आणि मावशी तो अर्धा तास द्यायला तयार नव्हती. चार महिने अर्ज गेले, उत्तरं आली. सरांनी फोन करून मला सांगितलं की तुम्ही तरी समजवा, वाईच काय आणि किंचित काय, अर्थ एकच आहे. मी समजवायला गेलो आणि तासभर ऐकून आलो. किंचित म्हणजे नसल्यात जमा, वाईच म्हणजे नक्की असलेलं, असं तिचं म्हणणं. पुरावा काय? तर माझी आई. आई वाईच जेव म्हणाली की तीन भाकऱ्या पानात पडतात. वाईच बस म्हणाली की दिवस मावळतो. वाईच चा घे म्हणाली की कप बशीत सांडेपर्यंत भरून येतो. मला यात काही खोडून काढता येईना, कारण त्या तीन भाकऱ्या मी खाल्लेल्या आहेत.

शेवटी आईच मध्ये पडली. मुदत संपायला पाच-सहा दिवस उरले होते. दुपारची जेवणं चालली होती. आई म्हणाली, "बदलून टाक की गं. येका सबदापायी यवडं शिकलेलं घालवतीस व्हय?"

मावशीचा घास हातात राहिला. "आक्के, तो सबूद तुजा हाय," ती म्हणाली. "एकशे बारा पानं त्यांची. ही दोनच पानं तुला वाचता येत्यात. ती बी त्यांना देऊ?"

 आईने उठून तिच्या पानात आणखी भात वाढला. मला मात्र माझीच लाज वाटली. चार महिने मी याला हट्ट समजत होतो. मावशी हट्टी आहेच, पण चौथीत शाळा सुटलेल्या बाईला वाचता यावीत अशी दोन पानं तिने लिहिली होती, आणि मी ती दुरुस्त करून घ्या म्हणून सांगायला गेलो होतो.

त्या जेवणानंतर मावशी मागच्या दाराशी वही घेऊन बसली. संध्याकाळी तिने मला प्रबंधाचं पहिलं पान दाखवलं. गणिताच्या प्रबंधात सुरुवातीला चिन्हांची यादी असते. कुठलं अक्षर कशासाठी वापरलंय ते तिथे सांगायचं. चिन्ह काय घ्यावं हा लिहिणाऱ्याचा हक्क. एकदा व्याख्या दिली की ते चिन्ह बरोबर की चूक असं कुणाला म्हणता येत नाही; पुढे तसं वापरलंय की नाही एवढंच बघायचं. मावशीने सारांशाच्या डोक्यावर तशीच यादी घातली होती. हाय: अस्तित्वात आहे. नाय: अस्तित्वात नाही. येकच: एक, आणि एकाहून अधिक नाही. ऱ्हाती: काळाच्या प्रत्येक क्षणी राहते. वाईच: शून्याहून निश्चित मोठी अशी एक संख्या. अशा तेवीस व्याख्या, तेवीस तांबड्या वर्तुळांना. खालच्या दोन पानांत काना-मात्रेचाही बदल नव्हता.

मुदतीच्या आदल्या दिवशी कचेरीतल्या बाईंनी ती यादी तीनदा वाचली. व्याख्या सगळ्या शुद्ध मराठीत होत्या. त्यांनी सरांना फोन लावला. पलीकडून सरांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "बरं, चिन्हं आहेत तर चिन्हं." आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मावशी एवढंच म्हणाली की भूक लागली. हॉटेलात मिसळ मागवली आणि ती गार होईपर्यंत आम्ही दोघं थेंब मोजत बसलो. त्या दिवशी मीही मोजले.

तोंडी परीक्षेला आई आली होती. मागच्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, मांडीवर पिशवी घेऊन. मावशी दीड तास फळ्यावर लिहीत होती. सगळं इंग्रजीत चाललेलं, आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि तरी तिने एकदाही पाठ टेकली नाही. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्क होते, मराठी होते आणि त्यांनी सारांश वाचलेला होता. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, "तुमचं हे वाईच. ते नेमकं किती, हे काढता येईल का?"

मावशीने खडू खाली ठेवला. "किती ते सांगता येत नाय," ती म्हणाली. "शून्य नाय, यवडंच सिद्ध व्हतं."

परीक्षकांनी मान डोलावली. मागून आईचा आवाज आला, हळू, पण सगळ्या खोलीत ऐकू जाईल असा: "बराबर हाय." लोक वळून बघू लागले तशी ती गोंधळली आणि पिशवीचे बंद आवळत बसली. मावशी फळ्याकडे तोंड करून उभी होती. बराच वेळ ती फळा पुसत होती, पुसायचं संपलं तरी.

पुढच्या वर्षी आईची पाठ धरली. विचारलं की म्हणे, वाईच दुखतंय. मी गोळी आणून दिली. मावशीनेही शेक दिला. आईचं वाईच कधी लहान नसतं, हे सगळ्या जगात आम्हा दोघांइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं? एकीने तर त्याची व्याख्या लिहून शिक्का मारून घेतला होता. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. तीन महिन्यांत आई गेली.

मावशीने पदवीचा कागद लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली हरवली असं सांगते. मला ते खरं वाटत नाही. काही महिने ती कशेळ्याला आलीच नाही. मग एका बाजाराच्या दिवशी आली, उपड्या डब्यावर बसली. मी रंगाचा डबा उघडला तर तिने वाकूनही बघितलं नाही. वही पिशवीतच होती. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. वाडीवरच्या एका म्हाताऱ्याने बसलाय का फुटलाय असं विचारलं, त्यालाही तिने उत्तर दिलं नाही, मीच दिलं.  आईशी मावशी ज्या बोलीत बोलायची ती माझ्या तोंडातून शाळेतच गेलेली. दुकानात मी गिऱ्हाइकाला आहे आणि नाही म्हणतो.

मी समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि कपात ओतू लागलो. ओतत राहिलो. कप भरला, चहा कडेवरून बशीत आला, तेव्हा थांबलो.

"मावशे," मी म्हणालो, "वाईच चा घे."

ती कपाकडे बघत राहिली. चहावर साय धरायला लागली की ती एरवी घड्याळ काढते. त्या दिवशी तिने घड्याळ काढलं नाही. दोन्ही हातांनी बशी उचलली आणि चहा गरम असतानाच, फुंकर न घालता पिऊन टाकला.

"आजून हाय का रं?" तिने विचारलं.

"हाय," मी म्हणालो.